खारी विहीर मागायला आलेली पोरगी

अंगणातला ढोरांचा हौद फोडून टाक, असं मला गावात जो तो सांगतो. बैल विकले, गाय विकली, मग हौद कशाला अडवून ठेवला? गाडी लावायला जागा होईल म्हणतात. माझ्याकडे गाडी नाही, पण सांगणाऱ्याला त्याचं काय. मी एवढंच म्हणतो की त्यात मितरा कालवं ठेवत होती. मग ते हौदाचा विषय सोडतात. मितरा सगळ्यांना आठवते.

तिचं खरं नाव संघमित्रा. राहणार चांदूर रेल्वे. बाप रुळावर काम करून रिटायर झालेला. कॉलेजचं सगळं शिकून झाल्यावर ती आणखी वरचं शिकत होती, पीएचडी म्हणतात ते. आणि शिकायचा विषय काय, तर कालवं. आमचं गाव अकोला आणि दर्यापूरच्या मधात. इथे अर्ध्या लोकांनी समुद्र पाहिलेला नाही, कालव कुठून पाहणार. तिनेच सांगितलं की समुद्राच्या खाडीत खडकाला चिकटून राहणारा, शिंपल्यातला जीव असतो तो. एकदा चिकटला की हलत नाही, फिरत नाही, तिथेच जन्म काढतो.

आमच्या बुढीने हे ऐकून माझ्याकडे पाहिलं. "मंग तुमीच की," म्हणाली.

बुढी म्हणजे माझी बायको. आता नाही ती. या दिवाळीनंतर गेली. तिच्याबद्दल मला लिहिता येणार नाही, म्हणून मितराबद्दल लिहितो. दोघी त्या वर्षी एकाच अंगणात होत्या.

मितरा आली तेव्हा उन्हाळा तोंडावर होता. एसटीतून उतरली, पाठीला बॅग, हातात प्लास्टिकची कॅन. पारावर बसलेल्यांना विचारलं, "काका, गावात सगळ्यात खारी विहीर कोणाची हाय?"

आमच्या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. जमीन काळीशार, कापूस दिसायला झकास, पण खाली पाणी खारं. विहीर खोदा की बोअर मारा, मीठच वर येतं. इथे पोरगी देताना लोक जमीन नंतर विचारतात, गोडं पाणी किती लांब आहे ते आधी विचारतात. खाऱ्या विहिरीचं नाव काढलं की आम्ही विषय बदलतो. अशी विहीर शोधत कोणी येईल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

पारावर सगळे एकदम बोलायला लागले.

"माई खारी हाय."

"तुई काय खारी रे! तुया विहिरीवर म्हशी पेतात. बाई, तू माई पाह्य."

"याच्या नादी नोको लागू. माया विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाई, डाळ!"

आयुष्यभर लपवलेल्या गोष्टीची अशी चढाओढ लागली. ती सगळ्यांच्या विहिरीवर गेली. बादली काढायची, बोट बुडवायचं, थेंब जिभेवर ठेवायचा आणि डोळे मिटायचे. बाई लोणच्याचा खार चाखून पाहते तसं. मग बॅगेतून एक छोटी नळी काढून तिच्यावर थेंब टाकायचा आणि दुर्बिणीसारखी डोळ्याला लावायची. आधी जीभ, मग यंत्र. हा क्रम तिने कधी मोडला नाही. मी एकदा विचारलं, यंत्र आहे तर जीभ काहून खराब करतेस? म्हणाली, "यंत्र बिघडलं तं मले समजत नाई आबाजी. जीभ बिघडली तं लगेच समजते."

आमची विहीर घरामागच्या वावरात आहे. तिथला थेंब जिभेवर ठेवला आणि पोरगी थुंकली. थुंकून हसली. "हेच," म्हणाली.

"पास झाली वं आपली विहीर!" बुढी ओरडली. माझ्या बापाने ती विहीर खोदली आणि मरेपर्यंत तिच्याकडे पाठ करून बाज टाकली. तो असता तर त्याला काय वाटलं असतं कोण जाणे.

मग तिने तिचं काम सांगितलं. खाडीवर ती दोन वर्षं राहिली होती. तिथला चिखल, तिथली खाऱ्या पाण्यात उभी राहणारी झाडं, कालवं, सगळं पाहिलं. कालव पाणी गाळतं, म्हणजे तोंडाने पाणी आत ओढायचं, त्यातलं शेवाळ खायचं आणि पाणी निवळ करून सोडायचं. तिला पाहायचं होतं, समुद्रापासून इतक्या दूर, आमच्या खाऱ्या पाण्यात कालव जगतं का, शिंपला वाढवतं का. माणसाच्या कामाचं नसलेलं पाणी त्याच्या कामाचं होईल का.

आधी तिने अकोल्याला जुन्या शहरात खोली घेऊन हे केलं होतं. बाजारातलं मीठ कालवून. सगळी कालवं मेली. मेलेल्या कालवाचा वास सुटला आणि सगळी गल्ली दारात येऊन उभी राहिली. घरमालकाने त्याच दिवशी सामान बाहेर काढलं. अमरावतीचे तिचे सर म्हणाले, आणखी एकदा करून पाहा, नाही जमलं तर हा विषय सोड. बाप तर आधीपासूनच मागे लागला होता, घरी ये, स्पर्धा परीक्षेला बस, सरकारी नोकरी पाहा.

"हे शेवटची खेप हाय, आजी," ती बुढीला म्हणाली. "हे मेले तं मी बी गेली खाडीत."

'गेलं खाडीत' हे तिचं पालुपद होतं. पहिल्यांदा खाडीत उतरली तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखलात फसली. लोकांनी ओढून काढलं, पण एक चप्पल आतच राहिली. तेव्हापासून पेन हरवला तरी गेला खाडीत, बस चुकली तरी गेली खाडीत. ती आमच्याकडेच राहायला लागली आणि महिनाभरात आमच्या घरात दोन चपला सोडून सगळं खाडीत जायला लागलं. बुढी सुई शोधताना म्हणायची, "गेली वाटते खाडीत."

कालवं तिने कोकणातून रेल्वेने आणली. ओल्या पोत्यात गुंडाळून, सीटच्या खाली. टीसीने विचारलं, पोत्यात काय आहे? ही खरं बोलायची, खोटं हिला जमतच नव्हतं. म्हणाली, जिवंत जनावरं आहेत. टीसी म्हणाला, मग तिकीट? हिने पोतं उघडून दाखवलं. त्याने वाकून पाहिलं, वास घेतला आणि पुढच्या डब्यात गेला तो परत आला नाही.

आम्ही हौद घासून दिला. बैल गेल्यापासून तो कोरडाच होता. विहिरीचं पाणी भरलं. मग ती त्यात पोटॅश टाकायला लागली, कपाशीला टाकतो तेच. शेजारची गंगूबाई कुंपणावरून पाहत होती.

"काय वं, शिंपल्याले खत?"

"आपल्या पाण्यात बाकी सगळं हाय काकू, पोटॅश तेवढं समुद्रापेक्षा कमी हाय. तेवढं भरून काढते."

"अन् त्या बाटल्यात काय हाय हिरवं?"

"शेवाळ. हे त्यायचं जेवण."

"आमी रांजणातलं शेवाळ घासून घासून मेलो, अन् हे बाई वाढवून राहिली!" गंगूबाई म्हणाली. मग आवाज बारीक करून बुढीला विचारलं, "कोणाची म्हणावं पोरगी?"

आमच्याकडे हा प्रश्न बारीक आवाजात विचारतात, पण ज्याच्याबद्दल विचारतात त्याला ऐकू जाईल इतक्याच बारीक. मितराने हौदातून मान वर केली नाही. "चांदूर रेल्वेची, काकू. आमी बौद्ध," म्हणाली आणि पोटॅश ढवळत राहिली.

आमच्या गावात रीत आहे, दारी कोणी आलं तर आधी गोडं पाणी द्यायचं. नळाला गोडं पाणी आठवड्यातून एखाद वेळ येतं, म्हणून त्याचा माठ वेगळा, झाकण वेगळं, प्यायचा गडवा वेगळा. पहिल्या दिवशी मितरा त्या माठापासून चार हात दूर उभी राहिली आणि विचारलं, "मी घेऊ, का तुमी वाढता?" सरळ विचारलं. माझ्या आईच्या काळात काय उत्तर आलं असतं ते मला माहीत आहे, लपवून काय फायदा. बुढी भाकर थापत होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. "तुये हात मोडले का?" म्हणाली. "घे अन् मले बी आणून दे."

तिथून दोघींचं जमलं.

कालवं नुसती पडून असायची, पण बुढी रोज दुपारी हौदाशी बसायची.

"यायले डोये हायेत का?"

"नाई."

"कान?"

"नाई, आजी. तोंडच तोंड."

"मंग आमच्या मोठ्या नणंदेसारखेच."

मितराने तिला सगळं शिकवलं. तोंड जरासं उघडं असलं म्हणजे कालव जेवून राहिलं, मजेत आहे. वरून नखाने टिचकी मारली की ते पटकन मिटतं. टिचकी मारूनही मिटलं नाही तर ते गेलं. मितराच्या टिचकीचा आवाज मला अजून ऐकू येतो. सकाळी उठली की तोंड धुवायच्या आधी हौदाशी, टिक, टिक, टिक. तिची बोटं कालवाच्या धारेने कापलेली असायची, एका बोटाला तरी चिंधी बांधलेलीच. आज कसे आहेत विचारलं तर म्हणायची, "त्यायले ठरवू द्या." जगतील का विचारलं तरी, "त्यायले ठरवू द्या." सरांचा फोन आला तरी तेच, फक्त शुद्ध मराठीत.

वैशाखात ती सरांना भेटायला अमरावतीला गेली, दोन दिवसांसाठी. ऊन असं होतं की कोंबड्या चोच वासून पडल्या होत्या. हौदावर पोतं टाकलं होतं तरी पाणी तापलं आणि कालवांनी तोंडं मिटून घेतली. एकही उघडेना. बुढीने पाहिलं. तिला एवढंच माहीत की तोंड उघडं म्हणजे मजेत. मग मिटलेलं म्हणजे काय? इतके दिवस खारं पाणी पिऊन पिऊन बिचाऱ्यांच्या तोंडाला कोरड पडली, दुसरं काय!

मी वावरात होतो. नेमका त्या दिवशी नळ आला. बुढीने हौदाच्या भोकातला बोळा काढून पाणी अर्ध्यावर आणलं आणि वर गोडं पाणी ओतलं. हंड्यामागून हंडा. आमच्या पिण्यातलं, आठवडाभर पुरवायचं ते.

संध्याकाळच्या एसटीने मितरा आली. बॅग खांद्यावरच. नेहमीसारखं बोट हौदात बुडवलं, जिभेवर ठेवलं. पुन्हा बुडवलं. यंत्र काढलंच नाही.

"आजी, हौदात काय टाकलं?"

"गोडं पाणी," बुढी हसत म्हणाली. हंडा अजून कमरेवर होता. "नळ आला होता न आज. प्याचं टाकलं वं, वापराचं नाई. लेकरं कोमेजून गेली होती. तोंडच उघडत नव्हती."

मितरा हौदाच्या कडेला बसली. आता ही ओरडते असं मला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आजी, त्यायले गोडं पाणी चालत नाई."

"चालत नाई म्हंजे?"

"मरतात."

बुढी हंडा खाली ठेवायचं विसरली. तशीच उभी. गोड्या पाण्याने कोणी मरतं, हे आमच्या गावात तिला कोण सांगणार होतं? नळाच्या दिवशी भंगारवाला दारी आला तरी त्याला आम्ही गडवा भरून देतो. तिने तेच केलं होतं.

मितराने एकेक कालव उचललं, टिचकी मारली, कानाशी धरलं. पोकळ वाजली ती बाजूला ठेवली. शेवटी उठली. "मिटून बसले हायेत," म्हणाली. "आतमध्ये आपल्या विहिरीचं जरासं खारं पाणी धरून बसतात ते. पावसाळ्यात खाडीत नदीचं गोडं पाणी घुसते तवा असंच करतात. यायले हे माहीत हाय. पण आता एकदम खारं टाकलं तं झेपणार नाई. हळूहळू घ्या लागन."

मग आम्ही तिघं लागलो. थोडं गोडं काढायचं, थोडं खारं टाकायचं, थांबायचं, ती जीभ लावायची, पुन्हा थोडं. बुढीला पाठीचं दुखणं, तरी विहिरीवरून पाणी ओढत राहिली. जेवली नाही. बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मितराने ताट तिच्यापुढे नेऊन ठेवलं. "आजी, तुमी काहून तोंड मिटलं? तुमाले काय म्या गोडं पाणी पाजलं?"

बुढी हसली आणि रडली, दोन्ही एकदम. मग जेवली.

त्यातच सरांचा फोन आला. मितरा विहिरीच्या काठावर उभी राहून बोलत होती, आम्हाला ऐकू येत होतं. "हो सर, पाणी गोडं झालं. नाही सर, माझीच चूक. मी घरात नीट सांगून गेले नव्हते." पलीकडून सर बराच वेळ बोलले. ही 'हो सर, हो सर' करत राहिली. फोन ठेवून आली तेव्हा बुढीने विचारलं, काय म्हणे?

"पावसाळ्यानंतर येतो म्हणे पाह्याले. शिंपल्याची कड वाढली असन तं काम पुढं. नाई तं बंद."

"माह्यं नाव काहून नाई सांगतलं?"

"तुमचं नाव सांगून काय करू? सर काय तुमाले पीएचडी देतात?"

त्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी, मी पडवीत पडलो होतो, बुढीची हाक आली. "मितरा! वं मितरा! जांभई देऊन राहिली वं एक!" मितरा ताटावरून उठून पळाली, हाताला वरण तसंच. हौदात एका कालवाने तोंड उघडलं होतं, नखाएवढं. संध्याकाळपर्यंत आणखी उघडली. सगळी नाही. जी गेली ती मितराने निंबाखाली पुरली. बुढीने विचारलं, किती गेले? "जायचे ते गेले आजी. राह्यलेले पाहा," एवढंच म्हणाली.

पाऊस आला, गेला. आश्विनात सर आले. बारीक चणीचा माणूस, पॅन्ट वर दुमडून हौदाशी बसला. बुढीने आधी त्याच्या हातात गडवा दिला. "सर, तुमाले तं चालते ना गोडं?" सरांना काही कळलं नाही, त्यांनी गटागटा पिऊन टाकलं. मितरा तोंडावर ओढणी धरून उभी.

सरांनी कालव उचललं, कडेवरून अंगठा फिरवला. दुसरं उचललं, तिसरं. कडेला नवी पांढरी पातळ कड आली होती, लहान लेकराच्या नखासारखी. ती आमच्या विहिरीच्या पाण्यातून आली होती. सरांनी कालव परत हौदात ठेवलं. मग म्हणाले, "कामाला लाग."

मितरा विहिरीमागे गेली आणि थोड्या वेळाने तोंड धुवून आली. बापाला फोन लावला, "बाबा, परीक्षेचं राहू द्या आता," म्हणाली. त्याच आठवड्यात कालवं पोत्यात भरून ती खाडीतल्या कालवांशी ताडून पाहायच्या पुढच्या कामाला खाडीवर गेली.

बुढी त्यानंतर फार राहिली नाही. ताप काय, श्वास काय, चार दिवसांत संपलं. मितराला गंगूबाईने कळवलं. ती तेरवीच्या आदल्या दिवशी आली, पुन्हा तीच बॅग.

मी तेव्हा बोलत नव्हतो. लोक येऊन समजावत होते. कोणी म्हणे याला रडवा, कोणी म्हणे दवाखान्यात न्या, मनात धरून बसला तर हा बी जाईल. मितरा माझ्यासमोर बसली, जरा वेळ पाहिलं आणि गंगूबाईला म्हणाली, "बसू द्या त्यायले काकू. मिटून बसले म्हंजे जिते हायेत."

मग उठून ती हौद घासायला लागली. कोणी सांगितलं नव्हतं.

तेरवी झाल्यावर जायच्या सकाळी तिने माझ्या हातात एक शिंपला ठेवला. खरबरीत, हाताएवढा. "कडेवर बोट फिरवा," म्हणाली. फिरवलं. एका जागी बोट अडलं. काळपट रेघ होती, आडवी, आणि तिच्या पुढे पांढरी नवी कड.

"गोडं पाणी टाकलं त्या दिवसाची हाय हे. वाढणं थांबलं तं रेघ पडते. जेवढे जगले त्या सगळ्यायवर हाय. मी त्याले आजीची रेघ म्हणते. सरबी आता तेच म्हणतात." मग म्हणाली, "आजीले दाखवाची राह्यली."

मी शिंपला कोटाच्या खिशात ठेवला.

तिला सोडायला स्टँडवर गेलो. निघताना विहिरीवर जाऊन तिने कॅन भरून घेतली होती, काठोकाठ, खाडीच्या पाण्याशी ताडून पाहायला. आधी थेंब जिभेवर ठेवला, डोळे मिटले, मान हलवली, मग झाकण लावलं. एसटी आली. कॅन उचलून चढताना ती वाकडी झाली. कंडक्टरने पाहिलं.

"काय हाय बाई त्यात? तेल हाय का?"

"पाणी."

"गोडं?"

"नाई, खारं. इथलंच."

"अन् कुठी नेऊन राहिली?"

"समुद्रावर," मितरा म्हणाली.

कंडक्टरने तिच्याकडे पाहिलं, मग खाली उभ्या माझ्याकडे पाहिलं, मग घंटी मारली. मितरा खिडकीशी बसली होती, कॅन मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली, एका बोटाला चिंधी. हात मोकळा नव्हता म्हणून तिने मानच हलवली.

हे बुढीला सांगावं म्हणून मी झपाझप घराकडे निघालो. समुद्राला खारं पाणी घेऊन चालली म्हणावं तुई मितरा! पाराजवळ आलो तेव्हा आठवलं. मग सावकाश गेलो.